मानेतली गाठ जाईल. आधी ताईंचे आठवडे मोजा

तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. थोडक्यात मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर लगेच कळेल. तुमच्या ताई २८ वर्षांच्या, पहिलटकरीण, आज १९ आठवडे पूर्ण. साडेतीन आठवडे ताप आणि मानेच्या डाव्या बाजूला दुखऱ्या गाठी. पांढऱ्या पेशी ४,२००. आधी डेंग्यू म्हणून तपासण्या झाल्या, निगेटिव्ह आल्या. मग गाठीत सुई टाकून तपासणी झाली. त्यात ‘नेक्रोसिस (मेलेल्या पेशी), टीबी नाकारता येत नाही’ असं आलं आणि एका डॉक्टरांनी एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करू म्हटलं. दुसऱ्यांनी गाठच काढून पाठवली. रिपोर्ट आला ‘किकुची’चा, म्हणजे बहुतेकदा आपोआप जाणाऱ्या गाठींच्या एका आजाराचा, आणि खाली एक ओळ, ‘ल्युपस नाही याची खात्री करावी’. त्या ओळीमुळे एएनए, म्हणजे पेशींच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिद्रव्यं शोधणारी रक्तचाचणी, केली. ती १:१६० पॉझिटिव्ह, ठिपकेदार नमुना. आई म्हणते ही गंडमाळ, लेप लावा. बार्शीहून सासरचे विचारतात, मूल ठेवायचं का. आणि तुम्ही मला विचारता, हा ल्युपसच ना?

मी पुण्यात बावीस वर्षं संधिवात आणि ऑटोइम्यून आजारांचे पेशंट बघते. ऑटोइम्यून म्हणजे शरीराची राखण करणारी यंत्रणा घरच्यांवरच उलटते असे आजार. ल्युपस त्यांतलाच एक, तो त्वचा, सांधे, किडनी कशालाही धरतो. या पेशंटांतल्या गरोदर बायका हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. ताईंना मी तपासलेलं नाही, त्यांची स्लाइड पाहिलेली नाही, लघवीचा रिपोर्ट तुम्ही पाठवलेला नाही. त्यामुळे पुढचं सगळं ‘हे असं असेल तर’ या अटीवर.

सासरच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्या घरात आत्ता कुणाला झोप लागत नसेल. किकुची झाला म्हणून मूल काढून टाकायचं कारण नाही. गरोदरपणात किकुची झाल्याची वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली उदाहरणं मोजकीच आहेत, पण त्यांतली बहुतेक बाळंतपणं सुखरूप झाली आहेत. उद्या ल्युपस निघाला तरी तेवढ्याच कारणाने गर्भपाताचा सल्ला मी देत नाही. तेव्हा बघावी लागते ती किडनीची स्थिती.

आता तुमचा प्रश्न. ‘ल्युपस आहे का’ याला आज हो किंवा नाही असं उत्तर नाही, आणि ते आज मिळालंच पाहिजे अशीही गरज नाही. या आठवड्यात मिळायला हवं असं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं आहे: ताईंच्या रक्तात ‘अँटी-रो’ नावाचं प्रतिद्रव्य आहे का? एएनएचा नमुना ठिपकेदार आला की ज्या प्रतिद्रव्यांचा संशय घ्यावा त्यांत हे एक. ते वारेतून बाळाकडे जातं आणि क्वचित बाळाच्या हृदयातल्या वीजवहनाच्या वाटेला इजा करतं. मग ठोके मंदावतात आणि ती इजा पूर्ण झाली की भरून येत नाही. ही भानगड मुख्यतः १६ ते २६ आठवड्यांच्या दरम्यान होते आणि ताई १९ वर आहेत. घाबरू नका, अँटी-रो असलेल्या आयांपैकी साधारण १ ते २ टक्क्यांच्याच बाळांना हे होतं. पण चाचणी ‘बाळंतपणानंतर निवांत बघू’ या खात्यात टाकण्यासारखी नाही. पॉझिटिव्ह आली तर बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे फीटल इको, ठराविक अंतराने करावी लागेल आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या ल्युपसमधल्या नेहमीच्या गोळीचा विचार करावा लागेल. निगेटिव्ह आली तर एक मोठी काळजी मिटली.

ही चाचणी आधी करून घ्या आणि मग पुढचं वाचा, असंच म्हणेन.

किकुची म्हणजे काय ते आता. १९७२ मध्ये जपानमध्ये किकुची आणि फुजिमोतो या दोन डॉक्टरांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे याचं वर्णन केलं, म्हणून पूर्ण नाव किकुची-फुजिमोतो. बहुतेक पेशंट चाळिशीच्या आतले, त्यांतही तरुण बायका जास्त, आणि आशियात हा आजार अधिक दिसतो. मानेच्या मागच्या बाजूला दुखरी गाठ, ताप, घाम, गळून जाणं. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं हे आपल्याकडे आजीलाही माहीत असतं. इथे मानेत तसंच काहीसं होतं, फक्त जखम सापडत नाही. गाठीच्या आत पेशी मोठ्या संख्येने आपणहून मरतात आणि सफाई करणाऱ्या पेशी त्यांचा राडारोडा गिळत बसतात. पू करणाऱ्या पेशी तिथे जवळपास नसतातच. सूक्ष्मदर्शकाखाली डॉक्टर हे ओळखतात ते त्यावरूनच. एक ते चार महिन्यांत बहुतेकांचं आपोआप जातं. काही थोड्यांना पुन्हा होतं.

पांढऱ्या पेशींबद्दल एक गोष्ट सुटलेली दिसते. ४,२०० समोर लॅबने ‘नॉर्मल’ छापलं असेल. ती मर्यादा गरोदर नसलेल्यांची. पोटात बाळ असताना पांढऱ्या पेशी वाढतात, दहा-बारा हजार सहज असतात. त्या हिशेबाने ताईंचे ४,२०० कमीच, आणि ते किकुचीशी जुळतं. ल्युपसशीही जुळतं, हे नाकारत नाही. उलट ईएसआर, म्हणजे अंगातला दाह दाखवणारा रक्ताचा आकडा, गरोदरपणात निरोगी बाईचाही चढलेला असतो. तो आकडा बघून कुणी दचकवलं तर मनावर घेऊ नका.

आधी डेंग्यू शोधला यात मला चूक दिसत नाही. पावसाळ्यात पुण्यात ताप आणि पेशी कमी म्हटलं की मीही आधी तेच शोधते. २०२४ मध्ये झिका, म्हणजे डासातून येणारा आणि पोटातल्या बाळाला बाधणारा विषाणू, आला तेव्हा तर गर्भवतींचे नमुने एनआयव्ही या विषाणू संस्थेकडे रवाना होत होते आणि ओपीडीत प्रत्येक पोटुशी बाई डास चावल्याची जागा दाखवत होती. प्रश्न येतो तो त्या तपासण्या निगेटिव्ह आल्यावर. तीन आठवडे उलटले, गाठ दुखते आहे, मग ‘व्हायरल’ या शब्दावर थांबायचं नाही.

टीबीचा भाग मला जरा सविस्तर सांगायचा आहे, कारण सगळ्यात जास्त गडबड इथे होते. आपल्याकडे मानेत गाठ म्हणजे टीबी हा अंदाज बऱ्याचदा बरोबर ठरतो. म्हणून सुईच्या तपासणीत ‘नेक्रोसिस’ शब्द दिसला की हात एकेटीकडे जातो. मात्र सुईने येतो चिमूटभर माल, आणि किकुची ओळखायला गाठीची अख्खी रचना बघावी लागते. नुसत्या सुईवर किकुचीचं निदान जवळपास निम्म्या वेळा हुकतं. त्याहून फसवी गोष्ट पुढची. एकेटी सुरू होते आणि दोन-तीन महिन्यांत गाठ विरघळते, कारण किकुची तेवढ्यात जाणारच होता. पेशंट खूश, डॉक्टर खूश, फाइलवर ‘टीबी, उपचाराला उत्तम प्रतिसाद’. दोन वर्षांनी तीच मुलगी सांधे सुजलेले, केस गळलेले, गालांवर चट्टा अशी माझ्याकडे येते आणि जुन्या गाठीचा कुणाला पत्ता नसतो. अशा फाइली मी एकाहून जास्त पाहिल्या आहेत.

गरोदरपणात एकेटी चालत नाही असा याचा अर्थ काढू नका. टीबीची नेहमीची पहिल्या फळीची औषधं गरोदर बाईला देतात, फक्त स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन टाळतात, ते बाळाच्या कानाला बाधतं. टीबी सिद्ध झाला तर उपचार थांबवणं जास्त वाईट. म्हणून ज्यांनी गाठ काढली त्यांना एवढं विचारा: गाठीचा एक तुकडा फॉर्मेलिनऐवजी सलाइनमध्ये ठेवून सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय चाचणी) आणि कल्चरला (जंतू वाढवून बघायला) पाठवला होता का? अख्खी गाठ फॉर्मेलिनमध्ये बुडवली असेल तर कल्चरची वाट बंद होते. पाठवला असेल तर कल्चरचा शेवटचा रिपोर्ट सहा आठवड्यांपर्यंत येतो, तोवर किकुचीच्या निदानाला पेन्सिलीने लिहिलेलं समजा.

लिम्फोमा ही दुसरी शंका. किकुचीत मोठ्या, अस्वस्थ दिसणाऱ्या पेशी असतात आणि नवख्या डोळ्याला त्या कॅन्सरच्या वाटू शकतात, क्वचित उलटही होतं. तुमच्या रिपोर्टमध्ये विशेष रंगचाचण्या, म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, केल्याचा उल्लेख आहे का बघा. नसेल तर ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या आणि गाठींचं काम रोज बघणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. पुण्यातून बरेच जण त्यासाठी परळला टाटामध्ये जातात. यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान वगैरे काही नसतो, आम्ही आपापसातही हेच करतो.

आता एएनए. १:१६० म्हणजे रक्तातला द्रव १६० पट पातळ करूनही पॉझिटिव्ह. हा आकडा निरोगी, धडधाकट लोकांपैकी साधारण पाच टक्क्यांत सापडतो. १:८० तर दहा-पंधरा टक्क्यांत. तुमच्या सोसायटीच्या गणपतीला आरतीला शंभर माणसं जमत असतील तर त्यांतल्या पाचेक जणांचा एएनए ताईंइतका निघेल आणि त्यांना कधी काही होणार नाही. ल्युपसचे जे निकष २०१९ मध्ये आले त्यांत एएनए फक्त दरवाजा आहे. आत गेल्यावर ताप, कमी पेशी, सांधे, त्वचा, लघवीतलं प्रथिन, पूरक प्रथिनं, विशिष्ट प्रतिद्रव्यं यांचे गुण मोजतात आणि किमान दहा भरावे लागतात. ताप ताईंना आहे; पांढऱ्या पेशींचे गुण मात्र ४,००० च्या खालीच मिळतात, ४,२०० ला नाहीत. शिवाय एखादी गोष्ट दुसऱ्या आजाराने जास्त चांगली समजत असेल तर तिचे गुण धरायचे नाहीत असा नियमच आहे. इथे किकुची समोर उभा आहे. म्हणून आज ताईंच्या कपाळावर ल्युपसचा शिक्का मारू नका, आणि पुसूनही टाकू नका.

दोन्हींचं नातं काय, हे तुमच्या प्रश्नात होतं. मला पटतं ते असं. किकुचीच्या गाठीत एका विशिष्ट जातीच्या पेशी गोळा होतात, ज्या इंटरफेरॉन नावाचं रसायन भरभरून सोडतात. विषाणू आला की वाजणारी ती धोक्याची घंटा. ल्युपसमध्ये हीच घंटा विषाणू नसतानाही वाजत राहते. शिवाय गाठीत मेलेल्या पेशींच्या केंद्रकांचा चुरा पडलेला असतो आणि ल्युपसची प्रतिद्रव्यं नेमकी केंद्रकाविरुद्धच असतात. काही जणींत चुरा साफ होतो, घंटा थांबते, विषय संपतो. ज्यांची जनुकीय ठेवण तशी आहे त्यांच्यात ती थांबत नाही. म्हणून ल्युपस कधी किकुचीच्या आधी असतो, कधी सोबत, कधी काही वर्षांनी. त्यात ल्युपसमध्येही गाठी येतात आणि त्या किकुचीसारख्याच दिसतात. म्हणून पॅथॉलॉजिस्टने ती ओळ लिहिली. ती धमकी नाही, शिस्त आहे.

अँटी-रोबरोबर आणखी काय बघावं? डीएसडीएनए आणि अँटी-स्मिथ ही ल्युपसची खास प्रतिद्रव्यं. सी३ आणि सी४ ही पूरक प्रथिनं, जी ल्युपसमध्ये खाली येतात. इथे पुन्हा गरोदरपणाचा घोळ: ती गरोदरपणात वाढतात, त्यामुळे ‘नॉर्मल’च्या तळाशी आलेला आकडा माझ्या मते नॉर्मल नसतो. रक्त गोठवणारी अँटीफॉस्फोलिपिड प्रतिद्रव्यं, तिन्ही प्रकारची, कारण गर्भपात आणि बाळाची वाढ खुंटणं यांच्याशी त्यांचा संबंध आहे. तापाच्या काळात ती थोडीशी वर येऊ शकतात, म्हणून पॉझिटिव्ह आली तर बारा आठवड्यांनी पुन्हा करायचीच. थायरॉइड आणि एचआयव्ही नावनोंदणीच्या वेळीच झाले असतील, ते कागद शोधा.

आणि लघवी. सगळ्यात स्वस्त तपासणी, आणि माझी सगळ्यात मोठी चूक तिच्यावर. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक पाच महिन्यांची गरोदर मुलगी किकुचीचा रिपोर्ट घेऊन आली. मी तो आजार पुस्तकात वाचलेला, प्रत्यक्षात पहिल्यांदाच बघत होते, आणि ‘आपोआप जातो’ हे वाक्य मला पाठ होतं. गाठ गेली, ताप गेला, मी तिला पेढे खायला मोकळी केली. लघवीतलं प्रथिन मोजलं नाही. बत्तिसाव्या आठवड्यात पायावर सूज, रक्तदाब वाढलेला, लघवीत प्रथिन. ही गरोदरपणातली प्रीएक्लॅम्प्सिया की ल्युपसने धरलेली किडनी? पहिल्यावर उपाय बाळंतपण, दुसऱ्यावर स्टिरॉइड आणि इतर औषधं. विसाव्या आठवड्यात लघवी स्वच्छ होती की नाही हे माहीत असतं तर निर्णय तासाभरात झाला असता. ते माहीत नव्हतं, कारण मी बघितलं नव्हतं. बाळ लवकर काढावं लागलं. दोघं वाचली, पण बाळंतपणानंतर तिच्या किडनीची बायोप्सी करावी लागली आणि निदान ल्युपसचं निघालं. तेव्हापासून किकुची म्हटलं की आधी सकाळची लघवी, त्यात प्रथिन आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर. ताईंचं आत्ता करून ठेवा, मग दर महिन्याला.

औषधांबद्दल. किकुचीला बहुतेक वेळा पॅरासिटॅमॉल पुरतं आणि ताप अंगावर काढू नये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक असलेल्या गोळ्या नकोत. विसाव्या आठवड्यानंतर त्यांनी बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, आणि शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होऊ शकते. दुकानातून ‘तापाची गोळी’ म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ गोळ्यांत पॅरासिटॅमॉलसोबत आयब्युप्रोफेन असतं, तेव्हा पाठीवरचं वाचून घ्या. ताप हटतच नसेल, जेवण जात नसेल, तर मी थोडे दिवस प्रेडनिसोलोन देते. वारेतलं एक विकर ते बरंचसं निष्प्रभ करतं, त्यामुळे बाळापर्यंत साधारण दहावा हिस्सा जातो. डेक्सामेथासोनचं तसं नाही, ते सरळ पार होतं, म्हणून दोन्ही स्टिरॉइडच म्हणून एकाऐवजी दुसरं चालणार नाही. प्रेडनिसोलोन चालू असेल तर ७५ ग्रॅम ग्लुकोजची शुगर तपासणी पुन्हा करायला सांगा, आधीची ठीक आली असली तरी. आणि स्टिरॉइड सुरू करण्याआधी टीबीचा प्रश्न मार्गी लागलेला हवा. मी गाठीच्या मागे एवढी लागले ते यासाठीही.

प्रीएक्लॅम्प्सिया टाळण्यासाठी कमी मात्रेतली अ‍ॅस्पिरिन आम्ही ल्युपस किंवा अँटीफॉस्फोलिपिड असलेल्यांना देतो. ती १६ आठवड्यांच्या आत सुरू केली तर फायदा जास्त. ताईंच्या बाबतीत आता द्यायची का, ते रिपोर्ट बघून त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी ठरवावं. आईंचा लेप लावायचा हट्ट असेल तर टाके भरेपर्यंत त्या जागेपासून लांब ठेवा. त्यापलीकडे त्यावर भांडू नका.

वाट बघायची नाही, सरळ दवाखाना गाठायचा, अशा गोष्टी: रक्तदाब १४०/९० किंवा वर, न थांबणारी डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे चमकणं, फेसाळ लघवी, बाळाची हालचाल कमी वाटणं, धाप, मान ताठणं किंवा गुंगी, रक्तस्राव. आणि ताप चढताच राहून रक्तातल्या तिन्ही प्रकारच्या पेशी एकदम घसरायला लागल्या तर फेरिटिन हे रक्तातलं प्रथिन तपासायला सांगा. किकुचीत क्वचित शरीराची यंत्रणा बेभान होऊन रक्तपेशीच खायला लागते. फार क्वचित, पण तो दिवस घरी काढायचा नसतो.

शेवटी बाळंतपणाचं. ताई माहेरी पुण्यातच बाळंत होणार आणि सव्वा महिन्यानंतर बार्शीला जाणार, असं तुम्ही लिहिलं आहे. ल्युपस डोकं वर काढतो तो बऱ्याचदा बाळंतपणानंतरच्या याच महिन्यांत. म्हणजे पुण्यातले डॉक्टर सुटलेले असतात, तिकडचे अजून ओळखीचे नसतात, आणि सांधे दुखले तर ‘बाळंतीण आहे, वारा लागला’ म्हणून शेकलं जातं. दूध पाजण्यात अडचण नाही, प्रेडनिसोलोन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दोन्हींवर पाजता येतं. पाळणा लांबवण्यासाठी इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या मात्र अँटीफॉस्फोलिपिडचा निकाल स्पष्ट होईपर्यंत नकोत, कॉपर टी चालेल.

बार्शीला पाठवताना बाळंतविड्याच्या पिशवीत एक प्लॅस्टिकची फाइल ठेवा. त्यात गाठीचा रिपोर्ट, स्लाइडची पेटी, सगळ्या प्रतिद्रव्यांचे निकाल, विसाव्या आठवड्याची लघवी, आणि वरच्या कागदावर मोठ्या अक्षरात तारखा: बाळंतपणानंतर सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने, मग वर्षातून एकदा. प्रत्येक तारखेसमोर एवढंच, ‘रक्तदाब, रक्तपेशी, लघवी’. हा कागद ताईंच्या सासूबाईंच्या हातात द्या आणि काय आहे ते त्यांना नीट सांगा. मूल ठेवायचं का, हे काळजीपोटी त्यांनीच विचारलं असेल, तर त्या तारखा त्या चुकू देणार नाहीत. अँटी-रोचा निकाल आला की मला कळवा.